हस्तोपचारातील रुग्णसुरक्षा

मान, पाठ, कंबर किंवा सांध्यांवर हाताने दाब, ताण अथवा झटका देऊन केलेल्या उपचारात रुग्णाला इजा होऊ नये म्हणून घ्यायची काळजी. कायरोप्रॅक्टिक, ऑस्टिओपॅथी आणि फिजिओथेरपीतील मॅन्युअल थेरपी हे या उपचारांचे मुख्य प्रकार. ठाणे–नवी मुंबईपुरते बोलायचे तर हाडवैद्याचा हात आणि सलूनमधली मानमोडही यात धरावी लागते; क्लिनिकची पायरी चढण्याआधी अनेकजण तिथे जाऊन आलेले असतात. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणारी घरेही अजून आहेत. त्या पायाने गुण येवो न येवो, मणक्याला झटका तरी बसत नाही.

कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेतला. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर उपचार केला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. बहुतेक आजारांचे मूळ सरकलेल्या मणक्यात असते, ही पामर यांची कल्पना पुढे शास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. कंबरदुखीवरचा उपयोग हा वेगळा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत व्यायामाबरोबर मणक्यावरील हस्तोपचारही आहे.

उपचारावेळी येणारा ‘कडक’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याच्या पृष्ठभागांत अचानक अंतर पडले की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटांचे सांधे मोडताना एमआरआयमध्ये हे टिपले. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे आता रुग्णच ‘आवाज आला नाही’ म्हणून तक्रार करतात आणि थेरपिस्ट पुन्हा, जास्त जोराने झटका देतो. आवाजासाठी दिलेला हा दुसरा झटका निष्कारण असतो.

वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी, ऐरोली–महापेच्या कार्यालयात दहा तास स्क्रीनसमोर बसणारी मुलगी आणि घोडबंदर रोडवरची साठीपुढची आजी, तिघांचेही गाऱ्हाणे एकच : कंबर धरली. झटका मात्र तिघांना सारखा चालत नाही. आजीची हाडे ठिसूळ झाली असतील, तर साध्या दाबानेही मणका किंवा बरगडी मोडू शकते. म्हणून सुरक्षेचा मोठा भाग हात लावण्यापूर्वीच्या चौकशीत असतो. पडलात का, कधी कर्करोग झाला होता का, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दुखण्याने रात्री झोपमोड होते का, हे विचारलेच पाहिजे. बसण्याची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा दोन्ही पायांतली ताकद जाणे ही पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची लक्षणे आहेत. असा रुग्ण थेरपीच्या टेबलावर घ्यायचा नसतो, थेट रुग्णालयात पाठवायचा असतो.

आपल्याकडे या चौकशीत आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते : मणक्याचा क्षय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यात होतो. त्यात खोकला असेलच असे नाही. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन, रात्रीचा घाम आणि महिनोन्‌महिने न हटणारी पाठदुखी एवढेच दिसते. आतून पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. परदेशी अभ्यासक्रमात क्षयाचा उल्लेख ओझरता असला, तरी कळवा किंवा तुर्भ्यात बसणाऱ्या थेरपिस्टने तो पहिल्या पानावर ठेवावा.

मानेचा धोका निराळा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्याशी वळण घेतात. मान जोराने पिळली गेल्यास धमनीचे आतले अस्तर फाटून तिथे गुठळी होऊ शकते, त्यातून पक्षाघाताचा झटका येतो. हे क्वचित घडते, पण तरुणांतही घडते. यात एक गुंताही आहे. धमनी आधीच फाटली असेल तर पहिले लक्षण मानदुखी किंवा डोकेदुखीच असते, आणि त्यासाठीच माणूस थेरपिस्टकडे येतो. कॅनडातील २००८ च्या अभ्यासात ४५ वर्षांखालील रुग्णांमध्ये अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी आढळला, तसाच तो साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही आढळला. थेरपिस्ट निर्दोष असा याचा अर्थ नव्हे. ‘अशी डोकेदुखी याआधी कधी झाली नव्हती’ असे रुग्ण म्हणाला, की हात मागे घ्यावा. मानेवरील उपचारापूर्वी रक्तदाब मोजावा, असे आंतरराष्ट्रीय मॅन्युअल थेरपी महासंघाच्या चौकटीत सांगितले आहे. उपचारानंतर चक्कर, दुहेरी दिसणे, बोबडी वळणे किंवा तोल जाणे सुरू झाल्यास रुग्णाला ‘थोडं पडून राहा’ म्हणू नये. १०८ ला फोन करावा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि घोडबंदरची वाहतूक त्यातला बराच वेळ खाऊ शकते.

दोन दिवस अंग ठणकणे मात्र नेहमीचे आहे. सुमारे निम्म्या रुग्णांना तसे होते आणि ते आपोआप थांबते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपी २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, आणि नेरुळ, कामोठे येथे तिची महाविद्यालये आहेत. त्यामुळे पाटीवर ‘डॉ.’ आहे की नाही यापेक्षा पदवी कोणती आणि नोंदणी कुठली, हे विचारणे उपयोगाचे. संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात डॉक्टरांसाठी नियम घातला : उपचार, धोके आणि पर्याय सांगून मगच होकार घ्यायचा. थेरपी टेबलावर पालथे झोपवून ‘सैल सोडा हं’ म्हणताना घेतलेला होकार त्यात बसत नाही.

इजांची मोजदाद ही यातली सर्वांत कच्ची बाजू. त्रास झालेला रुग्ण पुन्हा त्याच क्लिनिकमध्ये जात नाही. तो दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होतो, आणि तिथल्या केसपेपरवर आधीच्या झटक्याची नोंद होईलच असे नाही. वीस वर्षे माना मोडणारा सलूनवाला ‘माझ्या हातून कुणाला काही झालं नाही’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्यापर्यंत बातमी आलेली नसते.