तारापूरची काच

अणुभट्टीतून बाहेर काढलेलं इंधन लगेच थंड होत नाही. किरणोत्सारामुळे ते आतून तापतच राहतं, म्हणून काही वर्षं पाण्याच्या खोल टाकीत ठेवावं लागतं. पुढे भारतात ते नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. मागे तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो. अणुकचऱ्याची खरी धास्ती त्याचीच.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथेच या द्रवाची काच करतात, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांच्या जातीची बोरोसिलिकेट काच. काचच का? स्फटिकात अणू ठरलेल्या रांगांत बसतात, भलत्या आकाराच्या अणूला तिथे जागा मिळत नाही. काचेची घडण विस्कळीत असते, म्हणून सीझियम, स्ट्रॉन्शियम अशी कितीतरी मूलद्रव्यं तिच्या अणुरचनेतच सामावतात. काच तडकली तरी ती सांडत नाहीत. वितळलेली काच स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओतून कोठारात ठेवतात. तिथे पंखे नाहीत. डब्यांनी तापलेली हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि गार हवा आपसूक आत येते. वीज गेली तरी काही बिघडत नाही. मला या व्यवस्थेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं. ३०० वर्षांत ते हजारांश उरतं. पण काचेत नेप्च्युनियम-२३७ ही असतं आणि त्याचं अर्धायुष्य २१ लाख वर्षांहून जास्त. इतका काळ कोठार पुरणार नाही, खडकच हवा. फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर सुमारे १९० कोटी वर्षं जुन्या खडकात, ४०० मीटरहून खोल भुयारं खोदली आहेत. तिथे इंधन विरघळवत नाहीत; ते तांब्याच्या जाड नळकांड्यांत बंद करून भोवती बेंटोनाइट माती भरायची अशी योजना आहे. पाणी लागलं की ही माती फुगते आणि वाट बुजवते.

अणुवीज रात्रंदिवस मिळते, कोळशासारखा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. भट्टी उभारायला अफाट खर्च येतो, वेळ लागतो, आणि फुकुशिमानंतर लोकांना वाटणारी भीतीही रास्त आहे. तरी माझा कौल अणुविजेच्या बाजूने आहे. मात्र जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या उभारायचं घाटत असताना, भारतात काचेच्या अखेरच्या मुक्कामाची जागा अजून ठरलेली नाही, हे मला खटकतं. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो ज्या युराजोकी पालिकेत येतं, तिथल्या स्थानिक परिषदेला ही भुयारं नाकारण्याचा कायदेशीर अधिकार होता. २००० साली तिने होकार दिला. आपल्याकडे जागा निवडताना तिथल्या ग्रामसभेलाही तोच अधिकार कायद्याने मिळायला हवा.