देह, आत्मा आणि ‘मी’: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

देह नाशवंत आहे, पण आत्मा अमर आहे का, या प्रश्नाइतकाच दुसरा एक प्रश्न तत्त्वचिंतकांना छळत आला आहे: क्षणोक्षणी बदलणाऱ्या अनुभवांना ‘हे माझे’ म्हणून एकत्र बांधतो तो कोण?

कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाने रथाचाच दाखला घेऊन नेमका उलटा निष्कर्ष काढला. रथात बसून आलेल्या ग्रीक राजा मिलिंदाला तो विचारतो, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो आणि अखेरीस ‘रथ’ हे जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे, हे त्याला मान्य करावे लागते. ‘नागसेन’ हेही तसेच नाव, त्यामागे वेगळा आत्मा नाही.

या वादात नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांचा, युक्तिवाद मला सर्वांत नेमका वाटतो. जे मी पाहिले त्यालाच आता हात लावतो आहे, हे डोळ्याला कळणार नाही, कारण त्याला स्पर्श ठाऊक नाही. त्वचेलाही कळणार नाही, कारण तिला रूप ठाऊक नाही. त्याअर्थी दोहोंहून निराळा, पाहिलेले स्मरणात ठेवणारा ज्ञाता मानणे भाग आहे. बौद्धांच्या मते मात्र स्मृतीसाठी क्षणांची कार्यकारणपरंपरा, म्हणजे आधीच्या क्षणातून पुढचा घडत जाणारी साखळी, पुरेशी होती. जडवादी चार्वाकांनी तर चैतन्य देहातच उपजते आणि देहाबरोबरच संपते, असे सांगून वादच मोडीत काढला.

युरोपात ॲरिस्टॉटलने आत्म्याला देहापासून तोडले नव्हते. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता, असे तो म्हणतो. १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मात्र विचार करणारे मन आणि जागा व्यापणारा देह ही दोन स्वतंत्र द्रव्ये, म्हणजे स्वतःच्या बळावर असणारी तत्त्वे, मानली. त्यावर बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्राने विचारले, की ज्याला ना आकार ना विस्तार, ते मन देहाला हलवते तरी कसे? पुढे देकार्तने मेंदूतील पिनिअल ग्रंथीकडे बोट दाखवले. पण त्यातून ठिकाण कळते, रीत कळत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या निबंधग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत ‘मी’ची एकता आत्मद्रव्यावरून काढून जाणिवेवर, म्हणजे मुख्यतः स्मृतीवर आधारली. १७८५ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने त्यातली अडचण दाखवली: शाळेत मार खाल्लेला मुलगा तरुण अधिकाऱ्याला आठवतो, तो अधिकारी वृद्ध सेनापतीला आठवतो, पण मार मात्र सेनापती साफ विसरला आहे, तेव्हा लॉकच्या हिशेबाने सेनापती म्हणजे तोच मुलगा ठरतो आणि ठरतही नाही.