भेंडीची तार आणि फुटणारं सिम्युलेशन

पाणी घट्ट केलं की पाइपातून ढकलायला जास्त जोर लागणार, असं आपण सगळेच धरून चालतो. पण १९४८ साली टॉम्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नेमकं उलटं दाखवलं, द्रवात पॉलिमर (म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेला पदार्थ) अगदी चिमूटभर घातलं आणि प्रवाह खळाळता असेल तर घर्षण कमी होतं, आणि थोडंथोडकं नाही, पाण्यात दहा लाखाला वीस-तीस भाग असं प्रमाण असलं तरी परिस्थिती जमली की ७०-८० टक्क्यांपर्यंत! अलास्कातल्या जवळपास १३०० किलोमीटरच्या तेलवाहिनीत १९७९ पासून हीच युक्ती वापरलीय.

अशा द्रवाला व्हिस्कोइलास्टिक म्हणतात, म्हणजे वाहतो पण आणि थोडा रबरासारखा ताणतो पण. भेंडी चिरताना सुरीला तार येते ना, तो याच जातीचा. साखळी ताणली गेली की परत गोळा व्हायला तिला थोडा वेळ लागतो, म्हणून याला ‘मेमरी’ असलेला द्रव म्हणतात. (पाण्याला तुमचे विचार आठवतात हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी इथे खूश होऊ नये. ही मेमरी फक्त ताणाची, आणि पातळ द्रावणात सेकंदाच्या छोट्याशा भागापुरती. नुसत्या पाण्यातले रेणूंमधले बंध तर सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही लवकर बदलतात.)

पाइपाच्या भिंतीजवळ छोटे भोवरे सतत तयार होत असतात आणि घर्षण वाढवतात. पॉलिमरच्या साखळ्या या भोवऱ्यांभोवती ताणल्या जातात आणि उलट ओढून त्यांना मंद करतात, असं आता बहुतेक लोक मानतात. हे नीट दिसलं ते कॉम्प्युटरवर. नुसत्या पाण्यासारख्या द्रवाचं असं भिंतीलगतचं सिम्युलेशन किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये प्रवाहाच्या जागेत सुमारे ४० लाख बिंदूंची जाळी धरून केलं, आणि पॉलिमर घातलेलं सुरेशकुमार, बेरिस आणि हँडलर यांनी १९९७ मध्ये. मध्ये दहा वर्षं का गेली? कॉम्प्युटर लहान होते हे एक कारण, पण खरी गंमत गणितात आहे.

साखळी म्हणजे स्प्रिंगने जोडलेले दोन मणी असं धरायचं आणि प्रत्येक बिंदूवर ती कुठल्या दिशेला किती ताणलीय हे सहा आकड्यांत लिहायचं. या आकड्यांतून कुठल्याही दिशेला लांबीचा वर्ग काढला तर तो धनच आला पाहिजे, उणे वर्ग कसा असेल? पण साखळ्या पाण्यात इतक्या हळू पसरतात की ताणाचे अगदी पातळ, धारदार पापुद्रे तयार होतात. बिंदूंची जाळी त्यांना पकडू शकत नाही, आकडे हेलकावे खातात, कुठेतरी वर्ग उणे होतो, मग तो द्रव ऊर्जा खायच्या ऐवजी निर्माण करायला लागतो आणि सिम्युलेशन फुटतं.

सुरुवातीचा उपाय म्हणजे साखळ्या खऱ्यापेक्षा जास्त पसरतात असं खोटं पसरणं समीकरणात घालून पापुद्रे बोथट करायचे. चाललं, पण ज्याचा अभ्यास करायचा तेच पुसलं जायची भीती. २००४ मध्ये फट्टल आणि कुफरमन यांनी जे सुचवलं ते मला आजही भारी वाटतं: ताणाचा लॉगरिथम घ्या आणि तोच सोडवा! अकरावीत रडवणारा तोच लॉग. एकतर लॉग कितीही असला तरी त्यावरून मूळ आकडा परत काढला की तो धनच येतो, त्यामुळे उणे व्हायचा प्रश्नच मिटला. दुसरं म्हणजे ताण जागेनुसार घातांकी वेगाने चढतो आणि जाळीवरची साधी सूत्रं अशा चढणीला फसतात, लॉग घेतला की तीच चढण जवळपास सरळ रेष होते. टेन्सरचा, म्हणजे त्या सहा आकड्यांच्या संचाचा, लॉग घ्यायचा तर आयगेनव्हेक्टर काढावे लागतात, समीकरणं वेगळी मांडावी लागतात, ते इथे सोडतो.

आणि पुसलं जायची भीती खरी होती. २०१३ च्या सुमारास ‘इलास्टो-इनर्शियल’ टर्ब्युलन्स (टर्ब्युलन्स म्हणजे प्रवाहाचा खळाळता गोंधळ) पुढे आला, ज्यात पॉलिमरचा ताण स्वतःच गोंधळ चालू ठेवतो. खोटं पसरणं जास्त घातलं की तो सिम्युलेशनमधून गायब होतो. उलट २०२३ मध्ये असंही दिसलं की समीकरणातल्या पसरण्याच्या त्या पदामुळेच भिंतीजवळ एक वेगळी अस्थिरता उगवू शकते, म्हणजे काही जुन्या निकालांत दिसलेला गोंधळ द्रवाचा की उपायाचा हे परत तपासावं लागेल.

एक गोष्ट या नेहमीच्या मॉडेलमध्ये अजून नसतेच, साखळी तुटणं. खऱ्या पाइपलाइनमध्ये पंपातून जाताना साखळ्यांचे तुकडे होतात आणि पुढे पॉलिमर पुन्हा घालावं लागतं, मॉडेलमधली स्प्रिंग मात्र कितीही ओढा, तुटत नाही.