सहा क्विंटलनंतरचा आंबा

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती: ‘तुमच्या धंद्याचे निर्णय आता एआय घेणार, तुम्ही फक्त नफा मोजा!’ रत्नागिरीत एका हॉलमध्ये त्याचं शिबिरही झालं. माझी मावसबहीण तिथे जाऊन आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. पावसच्या रस्त्याला तिचा आंबा कॅनिंगचा लहानसा कारखाना आहे. पेटीत न बसणारा, डागी किंवा लहान आंबा तिच्याकडे क्रेटने येतो आणि त्याचा डबाबंद रस होतो, आंबापोळी होते. परत आल्यावर तिने विचारलं, “अरे, सगळं ते यंत्रच ठरवणार, तर मग मी तिथे बसून काय करायचं?”

तिच्या या प्रश्नामुळे हा लेख लिहायला घेतला. धंद्यातल्या माणसाला निर्णयात मदत करणारे संगणक आजकालचे नाहीत. १९५१ साली लंडनच्या लायन्स या चहाच्या दुकानांच्या कंपनीने स्वतःचा ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि त्यावर आपल्या बेकरीचा हिशेब चालवला. पुढे रोज कुठल्या दुकानाला किती माल पाठवायचा तेही त्यावरून ठरू लागलं. दुकानाची नेहमीची मागणी यंत्रात असायची, दुकान सांभाळणारी बाई फोनवरून फक्त त्या दिवसाचा फरक कळवायची. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन या दोन अभ्यासकांनी अशा प्रणालींचं काम नेमकं कुठे, ते मांडलं. काही निर्णय सरळ नियमाने होतात, काही निव्वळ माणसाच्या जाणतेपणावर होतात, आणि मधले बरेचसे अर्धे गणिताचे, अर्धे माणसाचे असतात. निर्णयसहाय्य प्रणाली या मधल्या निर्णयांसाठी. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला आणि ‘समजा असं केलं तर?’ हा प्रश्न लहान दुकानदाराच्या टेबलावर पोचला.

नावातच ‘सहाय्य’ आहे. आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. पण तिथवर जायला डिझेल परवडेल का, आपलं जाळं त्या पाण्यात चालेल का, हे होडी चालवणारा तांडेलच ठरवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कोकणात मोठा निर्णय अडला की देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून एक पडायची वाट पाहतात. पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. पाकळी पडते ती ओल सुकते म्हणून, वजनाने, वाऱ्याने. देवळातल्या श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही. पण कर्ज काढायचं की नाही हे पाकळीवर सोडलं, तर ‘का?’ हे तिला विचारता येत नाही. त्या जाहिरातीतलं यंत्रही असंच आहे. ते उत्तर देतं, कारण देत नाही. ज्या प्रणालीला ‘का’ विचारता येत नाही तिच्यावर धंदा सोपवू नये, मग ती पाकळी असो की संगणक.

आता ज्या प्रणालीला ‘का’ विचारता येतं, तिच्याकडे वळू. मला ती मनापासून आवडते. तिचं नाव लिनियर प्रोग्रॅमिंग: मर्यादित साधनांत जास्तीत जास्त फायदा शोधायचं गणित. यातल्या ‘प्रोग्रॅमिंग’चा अर्थ नियोजन, संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणं नव्हे. ताईच्या कारखान्याचा एक दिवस घेऊ. हिशेब हाताने करून पाहता यावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

दिवसाला ४० क्विंटल तयार आंबा आहे. कामगारांचे मिळून ११० तास आहेत. एक क्विंटल आंब्याचा रस करून डब्यात भरायला २ तास लागतात, आंबापोळीला ५ तास, कारण ती ट्रेमध्ये थरावर थर ओतायची, सुकवायची, कापायची असते. डबे निर्जंतुक करणारा रिटॉर्ट १० तास चालतो आणि एका क्विंटलच्या रसाचे डबे त्यात पाव तास घेतात. पोळीला रिटॉर्ट लागत नाही. आंबा, साखर, डबे, इंधन यांचा खर्च वजा जाता एका क्विंटलच्या रसामागे ९०० रुपये सुटतात, पोळीमागे १५००. मजुरी दिवसाची ठरलेली आहे, ती वेगळी.

कुणीही म्हणेल, पोळीत जास्त सुटतं तर पोळीच करा. करून पाहू. ११० तासांत पोळी होते २२ क्विंटलची, सुटतात ३३,००० रुपये, आणि १८ क्विंटल आंबा डोळ्यांदेखत सडतो. उलट सगळ्याचा रस केला तर ३६,००० सुटतात आणि कामगारांचे ३० तास रिकामे जातात. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे.

ते शोधायला आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर रसाचे क्विंटल, उभ्यावर पोळीचे. आंब्याची मर्यादा ही एक रेघ: रस अधिक पोळी बरोबर ४०. तासांची मर्यादा ही दुसरी रेघ: दोनदा रस अधिक पाचदा पोळी बरोबर ११०. दोन्ही रेघांच्या आतला जो तुकडा, तेवढंच आपल्याला शक्य आहे. आता पट्टी घ्या. तिच्या कडेवरच्या प्रत्येक बिंदूला नफा सारखाच येईल अशी तिरकी धरा आणि तिरकेपणा न बदलता बाहेर सरकवत न्या. नफा वाढत जातो. पट्टी तुकड्यावरून पूर्ण निसटायच्या आधी शेवटचं टोक टेकतं, ते नेहमी एखादा कोपरा असतं. इथे तो कोपरा म्हणजे दोन रेघांचा छेद. दहावीच्या बीजगणितातल्या पहिल्याच धड्याची दोन समीकरणं सोडवा: रस ३०, पोळी १०. नफा २७,००० अधिक १५,०००, म्हणजे ४२,०००. रिटॉर्ट साडेसात तास चालतो.

इथवर बारावीच्या पुस्तकातही आहे. माझा जीव अडकला आहे तो पुढच्या पायरीत.

समजा कामगारांचे तीन तास वाढले, ११० चे ११३ झाले. समीकरणं परत सोडवा: पोळी ११, रस २९, नफा ४२,६००. तीन तासांनी ६०० रुपये वाढले, म्हणजे जादा तासाची किंमत २०० रुपये. हा आकडा कुठल्याही मस्टरवर लिहिलेला नव्हता. तो कारखान्याच्या रचनेतून निघाला. तसाच जादा आंबा धरून पाहा: ४० चे ४३ क्विंटल झाले तर पोळी ८, रस ३५, नफा ४३,५००. एका जादा क्विंटलची किंमत ५०० रुपये, आणि तीही आंब्याचा नेहमीचा भाव वजा करून. म्हणजे आंबा ३० रुपये किलोने पडत असेल, तर जादा आंब्याला ३५ पर्यंत द्यायला हरकत नाही. ओव्हरटाइमचा तास २०० रुपयांच्या आत बसत असेल तर बायकांना थांबवायचं, नाहीतर वेळेवर घरी सोडायचं.

या किमतींना ‘शॅडो प्राइस’ म्हणतात. आपण छायाकिंमत म्हणू. त्या शोधायला दरवेळी नवा आलेख काढावा लागत नाही. जादा क्विंटलची किंमत क आणि जादा तासाची ख धरा. रसाला एक क्विंटल आणि २ तास लागतात, म्हणून क अधिक २ख बरोबर ९००. पोळीला एक क्विंटल आणि ५ तास, म्हणून क अधिक ५ख बरोबर १५००. वजाबाकी करा: ३ख बरोबर ६००, ख २००, क ५००. आता सगळ्या साधनांची किंमत एकत्र करा. ४० गुणिले ५०० म्हणजे २०,०००, ११० गुणिले २०० म्हणजे २२,०००. बेरीज ४२,०००, नफ्याइतकीच, एक रुपया इकडेतिकडे नाही. हा योगायोग नाही. प्रत्येक लिनियर प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नाला असा एक आरशातला जुळा असतो. मूळ प्रश्न विचारतो, ‘असलेल्या साधनांत जास्तीत जास्त किती मिळेल?’ जुळा विचारतो, ‘या साधनांची कमीत कमी किती किंमत लावली, तर कुठलाही माल आपल्या साधनांच्या किमतीपेक्षा जास्त फायदा देत नाही?’ आणि दोघांची उत्तरं एकच येतात. पहिल्यांदा हे हाताने करून पाहिलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत मी आकडे बदलून बदलून बेरीज जुळतेय का पाहत बसलो होतो. दरवेळी जुळली.

याचं मूळ लाकडाच्या कारखान्यात आहे. लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने गणितज्ञ लिओनिद कान्तोरोविच यांना विचारलं, कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड सोलायचं? त्यातून १९३९ मध्ये त्यांनी ही पद्धत आणि या किमती मांडल्या. १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डॅन्त्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत काढली. ती एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त नफ्याच्या कोपऱ्यावर जाते आणि वर चढायला जागा उरली नाही की थांबते. दोन मालांना कागद पुरतो, पण दोनशे मालांना दोनशे मिती लागतात आणि कोपरे अफाट होतात. १९८४ मध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांनी वेगळी वाट काढली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्समध्ये होते. कोपऱ्याकोपऱ्याने न जाता त्यांची पद्धत त्या आकृतीच्या पोटातून थेट उत्तराकडे सरकते. आजच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये कडेची आणि पोटातली, दोन्ही वाटा असतात.

ताईला यातलं काही लागत नाही. तिच्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये ‘सॉल्व्हर’ आहे. त्यात ‘सिम्प्लेक्स एलपी’ हा पर्याय निवडायचा आणि उत्तर आल्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’चा अहवाल मागायचा. छायाकिंमती तिथे रांगेत लिहून येतात. बहुतेक लोक वरचं उत्तर घेतात आणि हा अहवाल उघडतच नाहीत, याची मला फार खंत वाटते. ‘का’चं उत्तर तिथेच असतं.

ताईला त्या अहवालाचा पहिला उपयोग झाला तो रिटॉर्टसाठी. एक विक्रेता दोन महिने तिच्या मागे लागला होता: दुसरा रिटॉर्ट घ्या, कर्ज करून देतो. अहवालात रिटॉर्टच्या तासापुढे शून्य होतं. अडीच तास रिकाम्या यंत्राशेजारी दुसरं यंत्र कशाला? पण त्याच ओळीला जोडून आणखी एक गोष्ट निघते. आंबा वाढत वाढत ४६ क्विंटलवर गेला की रस ४०, पोळी ६ होते आणि रिटॉर्टचे दहाही तास भरतात. त्यापुढे आलेल्या जादा आंब्याची किंमत शून्य. रिटॉर्टचा तास मात्र तिथून पुढे शून्यावरून एकदम १,२०० रुपयांवर जातो. अडचण जागा बदलते. म्हणून ‘रिटॉर्ट घेऊ का?’ हा प्रश्न ‘मोसमात किती दिवस आंबा ४६ च्या वर येतो?’ असा विचारायला हवा. ताईने मागच्या दोन वर्षांच्या आवकेच्या वह्या काढल्या. असे दिवस दोन्ही वर्षांचे मिळून नऊ निघाले. दुसरा रिटॉर्ट घ्यायचा बेत रद्द झाला.

दुसरी गंमत भावाची. पोळीचे १५०० घसरून १००० झाले तर योजना बदलायची का? पट्टी थोडी कलते, पण टेकते त्याच कोपऱ्यावर. ९०० च्या वर आहे तोवर ३० आणि १० हेच उत्तम. नफा कमी होतो, काम तेच राहतं. बाजारातून एखादी वाईट बातमी आली की लगेच सगळं उलटंपालटं करणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

मर्यादा आहेतच. हे गणित सरळ रेघांचं आहे. दुप्पट आंब्याला दुप्पट तास लागतात असं ते धरून चालतं, थकलेल्या हातांचा हिशेब त्यात नाही. ते एका दिवसापुरतं पाहतं आणि भरलेले आकडे खरे मानतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिथेच होतो. सकाळी दलालाचा फोन आला: दहा क्विंटल आहे, ३३ ने देतो, घ्यायचा तर सगळा घ्या. ताईच्या एक्सेलमधल्या तक्त्याने सरळ नाही म्हटलं. ४६ पर्यंतच्या सहा क्विंटलवर किलोमागे दोन रुपये सुटतात, पण उरलेला चार क्विंटल फुकट जातो, तेरा हजारांच्या वर खड्डा. ताई टेम्पोपाशी गेली. क्रेटमध्ये हात घालून तिने खालची फळं वर काढली, देठापाशी अंगठ्याने दाबली, वास घेतला. “यातला चार क्विंटल तरी कडक आहे,” ती म्हणाली. “अढीत घातला की तीन-चार दिवसांनी होईल. आणि शुक्रवारी आपली आवक छत्तीसवर येणार आहे. दोन बागांचा शेवटचा तोडा कालच झालाय.”

शुक्रवारी ३६ अधिक ४. त्या दिवशीही जादा क्विंटलची किंमत ५०० च होती.

तिने दहाही क्विंटल उतरवून घेतले. रात्री आम्ही तक्त्यात एक ओळ वाढवली: अढीतला आंबा.