सैनिकी कुटुंबे व माजी सैनिक : आरोग्यविषयक संशोधन

लष्करी सेवा, युद्ध, दीर्घ तैनाती, बदल्या आणि निवृत्ती यांचा सैनिक, माजी सैनिक व त्यांच्या घरच्यांच्या शरीर-मनावर आणि संसारावर काय परिणाम होतो, याचा शोध घेणारी अभ्यासशाखा. वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि समाजकार्य यांचे अभ्यासक तीत एकत्र काम करतात. जखमी सैनिक हा लष्करी वैद्यकाचा जुना विषय आहे. त्याच्या घराकडे मात्र संशोधकांचे लक्ष फार उशिरा गेले, आणि गेले तेही बरीच वर्षे सैनिकाविषयीची माहिती मिळवण्यापुरतेच.

अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांना धडधड, धाप आणि छातीत दुखणे असा त्रास होई, पण हृदयात दोष सापडत नसे. जेकब द कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात आला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते असा त्यामागचा तर्क होता. परंतु स्फोटाच्या आसपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागल्यावर तो टिकला नाही. आघातोत्तर तणाव विकाराला (पीटीएसडी) अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात अधिकृत स्थान मिळाले ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्ध संपून काही वर्षे उलटल्यावर.

कुटुंबाकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहणारे पहिले महत्त्वाचे काम रूबेन हिल यांचे. दुसऱ्या महायुद्धामुळे ताटातूट झालेल्या आयोवा राज्यातील १३५ कुटुंबांचा त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ओढवलेला प्रसंग, तो पेलण्यासाठी घराजवळ असलेले बळ आणि घराने त्या प्रसंगाचा लावलेला अर्थ या तिन्हींवरून घर सावरते की कोलमडते हे ठरते, अशी त्यांची मांडणी होती. कौटुंबिक ताणाच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. विरहाइतकीच पुनर्भेटही कसोटीची असते, हे हिल यांनी तेव्हाच नोंदवले होते. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना पॉलिन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना मांडली. माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि येईल असेही नाही. अशा घरात शोकाला सुरुवातच होत नाही. मेडी सेगल यांनी १९८६ मध्ये लष्कर आणि कुटुंब या दोन्ही संस्था माणसाचा सगळा वेळ व निष्ठा मागणाऱ्या असल्याने त्यांच्यात ओढाताण अटळ आहे, असे दाखवले.

विकार किती जणांना होतो, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, सुमारे ३१ टक्के पुरुषांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झाल्याचे आणि १५ टक्के पुरुषांना पाहणीच्या वेळीही तो असल्याचे आढळले. २००६ मध्ये लष्करी नोंदी ताडून आणि निकष कडक करून फेरमांडणी केल्यावर हे आकडे अनुक्रमे सुमारे १९ आणि ९ टक्क्यांवर आले. काहींनी याचा अर्थ ‘माजी सैनिक वाढवून सांगतात’ असा घेतला. तो चुकीचा आहे. त्याच तपासणीत अतिशयोक्तीचा पुरावा फारच थोडा मिळाला, आणि युद्धाची झळ जितकी जास्त तितका विकार जास्त, हे नाते अधिकच स्पष्ट झाले. ब्रिटनमधील दीर्घ पाहणीतही हाच भेद दिसतो : सर्व सहभागींत पीटीएसडीचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास, तर इराक-अफगाणिस्तानात प्रत्यक्ष लढाईच्या भूमिकेत राहून नंतर सेवा सोडलेल्यांत १७ टक्के. एकाच सरासरीवर धोरण आखले, तर ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे तेच दिसेनासे होतात.

अडीच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक-पत्नींच्या वैद्यकीय नोंदींचा २०१० मधील अभ्यास या क्षेत्रात मैलाचा दगड ठरला. पती तैनातीवर असलेल्या स्त्रियांत नैराश्य, चिंताविकार आणि झोपेच्या तक्रारींचे निदान अधिक होते. तैनाती लांबली की प्रमाण आणखी वाढत होते. त्याच वर्षीच्या ११ ते १७ वयाच्या मुलांच्या अभ्यासातही तैनातीचे एकूण महिने आणि मुलांच्या अडचणी यांचा असाच संबंध दिसला.

परतीनंतरचा काळ मला या विषयाचा गाभा वाटतो. वर्षभर घर एकटीने चालवलेल्या आईकडे मुले सवयीने परवानगी मागतात आणि समोर बसलेला बाप आपल्याच घरात पाहुणा होतो. विकाराने ग्रस्त माणूस हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसतो. मग बायको आधीच ती खुर्ची मोकळी ठेवते, दार आपटू देत नाही, पाहुण्यांना नको म्हणते, फटाक्यांच्या दिवशी खिडक्या लावून घेते. हे सारे मायेपोटी होते. तरीही असे सतत सांभाळून घेणे आणि जोडीदाराचा स्वतःचा मनस्ताप हे हातात हात घालून चालतात, असे अभ्यास सांगतात. शिवाय त्यामुळे भीतीला सामोरे जाण्याची संधीच येत नाही. म्हणूनच जोडप्यावर एकत्र उपचार करण्याची पद्धत पुढे आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक (सोडतीने गट पाडून केलेल्या) चाचणीत अशा उपचाराने पीटीएसडीची लक्षणे घटली आणि रुग्णाचे नात्यातील समाधान वाढले. त्या चाचणीत केवळ ४० जोडपी होती, हेही लक्षात ठेवावे.

मनोविकारांच्या चर्चेत शरीर मागे पडते. अमेरिकेत माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या सेवाजन्य अपंगत्वांत कानात सतत आवाज येणे हे सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे. गुडघे, पाठ आणि जुनाट वेदना यांचेही प्रमाण मोठे आहे. भरतीच निरोगी माणसांची होत असल्याने मृत्युदराच्या तुलनेत सैनिक सामान्य लोकांपेक्षा सुदृढ दिसतात, आणि या आभासाने अनेक अभ्यास फसले आहेत. कॅनडात स्वास्थ्याची व्याख्या आरोग्यापुरती न ठेवता आयुष्याला हेतू असणे, पैसा, निवारा, सामाजिक नाती अशा सात अंगांनी केली जाते. गणवेश उतरला की हुद्दा, मित्र आणि दिनक्रम एकदमच जातात. ते मोजायला ही चौकट उपयोगी पडते.

माहिती गोळा करण्यातली मोठी अडचण भीतीची आहे. २००४ च्या गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात मानसिक त्रासाचे निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतली होती. आपल्याला दुबळे समजतील ही धास्ती त्यांच्यात मोठी होती. पुढे एका पथकाला निनावी प्रश्नावली दिल्यावर तक्रारींचे प्रमाण नेहमीच्या नावानिशी तपासणीच्या दुप्पट ते चौपट निघाले.

उपलब्ध पुरावा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इस्रायल या देशांतला आहे. त्यातही ‘कुटुंब’ म्हणजे बहुधा पत्नी व मुले. अविवाहित सैनिकाचे आईवडील, स्त्री सैनिकांचे पती, राखीव दलातील घरे फार थोड्या अभ्यासांत आढळतात. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिलेनियम कोहॉर्ट’ या दीर्घ पाहणीला २०११ मध्ये कुटुंबांची शाखा जोडली गेली. सुरुवातीला सुमारे दहा हजार जोडीदार तीत सामील झाले आणि घटस्फोट झाला किंवा सैनिकाने सेवा सोडली, तरी त्यांना पाहणीतून वगळले जात नाही.