दहावीला गृहशास्त्र आणि कौशल्य विषय घेण्याची प्रक्रिया: मुंबईतील पालकांसाठी पात्रता, कागदपत्रे व शाळेमार्फत करावयाचा प्रस्ताव

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गृहशास्त्र आणि व्यवसाय कौशल्याचे विषय दोन वेगवेगळ्या वाटांनी घेता येतात. या दोन्ही वाटांची गल्लत झाल्यामुळे अनेक पालक चुकीच्या कार्यालयात फेऱ्या मारतात. पहिली वाट सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्या शाळेला व्यवसाय विषय मंजूर झाला आहे, त्या शाळेत नववीला तो विषय निवडता येतो. दुसरी वाट केवळ पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असून तीत विज्ञान व तंत्रज्ञानाच्या जागी ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र’ ही प्रश्नपत्रिका, तसेच बीजगणित व भूमितीच्या जागी अंकगणित घेण्याची मुभा मिळते. पहिल्या वाटेसाठी शाळेचा निर्णय पुरतो, तर दुसरीसाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि विभागीय मंडळाची मंजुरी लागते.

पहिली वाट थोडक्यात सांगता येईल. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात मल्टी स्किल असिस्टंट टेक्निशियन, ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, रिटेल स्टोअर ऑपरेशन्स असोसिएट, असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट, आरोग्यसेवेतील जनरल ड्यूटी असिस्टंट, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस ट्रेनी, शिवणयंत्र चालक असे विषय असतात. हे विषय दोन वर्षांचे असल्याने नववीत न घेतलेला विषय दहावीत अचानक घेता येत नाही. विद्यार्थ्याने मंडळाकडे वेगळा अर्ज करायचा नसतो. आठवीचा निकाल लागताच वर्गशिक्षकांकडे किंवा मुख्याध्यापकांकडे पालकांच्या सहीचे विषय-निवडीचे पत्र द्यावे. त्या विषयाची मान्यता शाळेकडे आहे का, तो कोणत्या विषयाच्या जागी येणार आहे आणि त्याचे प्रात्यक्षिक कोठे होते, हे तीन प्रश्न तेव्हाच विचारून घ्यावेत. प्रयोगशाळा किंवा यंत्रसामग्री नसेल तर कौशल्य विषय केवळ पुस्तकापुरता उरतो, म्हणून तिसरा प्रश्न विचारताना पालकांनी संकोच करू नये.

दुसऱ्या वाटेची माहिती पालकांपर्यंत फार उशिरा पोहोचते, आणि प्रस्तुत लेखाचा भर त्यामुळे तिच्यावरच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून त्यांत अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांच्यासोबत विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. बोलण्यात हुशार असूनही वाचताना अक्षरे उलटसुलट होणारी, किंवा साधा हातचा घेताना अडखळणारी अनेक मुले या शेवटच्या प्रकारात मोडतात. सर्व सवलती सर्व प्रकारांना लागू होत नाहीत. कोणत्या दिव्यांगत्वासाठी विषय बदलता येतो, कोणाला भाषेतून सूट मिळते आणि कोणाला केवळ जादा वेळ किंवा लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा मदतनीस) मिळतो, हे या सवलतींच्या शासन निर्णयासोबतच्या तक्त्यात दिलेले असते. तो तक्ता शाळेकडून मागून घ्यावा आणि आपल्या पाल्याच्या प्रमाणपत्रावरील प्रकाराशी ताडून पाहावा.

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ प्रमाणपत्र मिळवण्यात जातो. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा समुपदेशकाचा अहवाल निदानासाठी उपयोगी पडतो, परंतु मंडळाकडे सवलत मागताना शासनाने प्राधिकृत केलेल्या शासकीय वा महापालिका रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. मुंबईत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के.ई.एम. आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची रुग्णालये वर्षानुवर्षे पालकांच्या परिचयाची आहेत. तपासणी एका भेटीत संपत नाही. प्रथम बालरोगतज्ज्ञ तपासतात आणि दृष्टी व श्रवण तपासले जाते, नंतर बुद्ध्यंक चाचणी होते आणि शेवटी वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या होतात. प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी मिळत असल्यामुळे हे काम दहावीच्या वर्षात हाती घेणे म्हणजे घोड्यावर बसून लगाम शोधण्यासारखे आहे. आठवीच्या उन्हाळी सुट्टीत किंवा नववीच्या पहिल्या सत्रातच नावनोंदणी करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

तपासणीला जाताना शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, मागील दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, विद्यार्थ्याचे व पालकाचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि पूर्वी झालेल्या चाचण्यांचे अहवाल सोबत ठेवावेत. विद्यार्थ्याच्या वह्याही न्याव्यात, आणि त्या नीटनेटक्या करून नेऊ नयेत. मूल रोज जसे लिहिते तसेच लेखन तज्ज्ञांना पाहायचे असते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ‘यूडीआयडी’ कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे विशिष्ट ओळखपत्र) यांसाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, आणि बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तपासणीचे टप्पे वयाच्या 8, 14 आणि 18 व्या वर्षी ठरवले आहेत. तिसरीत असताना काढलेले प्रमाणपत्र पुरेसे आहे, असे समजून निश्चिंत राहू नये. नववीतील मूल साधारण 14 वर्षांचे असते आणि नेमकी तेव्हाच फेरतपासणीची वेळ आलेली असते.

प्रमाणपत्र हाती आल्यानंतर पालकांनी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, दिव्यांगत्वाचा प्रकार, कोणता विषय वगळून कोणता घ्यायचा आहे हे, तसेच जादा वेळ, लेखनिक, भाषेतील सूट यांसारख्या इतर सवलतींची मागणी सुस्पष्टपणे लिहावी. “सर्व सवलती मिळाव्यात” अशी मोघम ओळ लिहिल्यास कोणती सवलत मंजूर झाली आणि कोणती राहिली, याचा नंतर पत्ता लागत नाही. अर्जासोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून शाळेच्या आवक नोंदीचा क्रमांक व तारीख घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. यापुढचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी आपल्या शिफारशीसह वाशी येथील मुंबई विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील शाळा याच मंडळाच्या कक्षेत येतात. पालकांनी थेट वाशीला जाऊन अर्ज देण्याचा उपयोग सहसा होत नाही, कारण मंडळाचा व्यवहार शाळेशी असतो. शाळा प्रस्ताव पाठवण्यास टाळाटाळ करत असेल तर आपल्या विभागाच्या, म्हणजे दक्षिण, उत्तर किंवा पश्चिम मुंबईच्या, शिक्षण निरीक्षकांकडे लेखी दाद मागता येते.

विषय बदलण्याआधी त्याचे पुढील परिणाम पालकांनी मुलासह बसून समजून घ्यावेत. विज्ञान वगळलेल्या विद्यार्थ्याला अकरावीच्या विज्ञान शाखेचा मार्ग साधारणतः बंद होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारख्या अनेक व्यवसायांना दहावीत गणित व विज्ञान असणे आवश्यक असते. मात्र बेकर अँड कन्फेक्शनर किंवा शिवणकामासारख्या व्यवसायांत तशी अडचण येत नाही, आणि कला व वाणिज्य या शाखाही खुल्या राहतात. दुसऱ्या बाजूने पाहता, आहार, स्वच्छता, प्रथमोपचार, घरखर्चाचे नियोजन हे विषय कमी प्रतीचे आहेत, हा समज मुळातच चुकीचा आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन येथे गृहविज्ञानाचे पदवी शिक्षण दिले जाते, आणि पोषणतज्ज्ञ, बालविकास कार्यकर्ते, वस्त्रोद्योगातील कुशल माणसे याच शिक्षणातून तयार होतात. विज्ञानात कसेबसे पस्तीस गुण मिळवण्यात वर्ष घालवण्यापेक्षा समजेल आणि आवडेल असा विषय मन लावून शिकणे कित्येक मुलांसाठी अधिक हिताचे ठरते, असे आमचे ठाम मत आहे.

वरील माहिती राज्य मंडळापुरती आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत गृहविज्ञान हा सर्वांसाठी ऐच्छिक विषय असून कौशल्य विषय सहावा विषय म्हणून घेता येतो. विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्रांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला तर त्याच्या जागी उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय धरला जातो. नियमित शाळा झेपत नसलेल्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून किमान एका भाषेसह पाच विषय घेऊन दहावी करता येते, आणि त्या पाचांत गृहविज्ञान निवडता येते.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेची आवेदनपत्रे शाळा ऑनलाइन भरते. त्या वेळी दिव्यांगत्वाचा प्रकार आणि बदललेला विषय यांची नोंद योग्य रकान्यात झाली आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे. मंडळाकडून शाळेत येणाऱ्या पूर्वयादीवर (विद्यार्थ्यांच्या भरलेल्या तपशिलांच्या पडताळणी यादीवर) विद्यार्थ्याची सही घेतली जाते. सही करण्यापूर्वी विषयाचे नाव व सांकेतिक क्रमांक तपासावा, कारण या टप्प्यावरील दुरुस्ती शाळेमार्फत सहज होते. मंजुरीपत्राची प्रत शाळेकडून मागून घ्यावी. लेखनिक मिळणार असेल तर तो दहावीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो आणि त्याच्या शाळेचे पत्र आधीच द्यावे लागते. जादा वेळ तासाला 20 मिनिटे या हिशेबाने मिळतो. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रासोबत मंजुरीपत्र व प्रमाणपत्राची प्रत केंद्र संचालकांना दाखवण्यासाठी जवळ असावी. गृहशास्त्राची प्रश्नपत्रिका विज्ञान व तंत्रज्ञान भाग 1 च्या दिवशीच असते, तेव्हा आपल्या पाकिटात तीच प्रश्नपत्रिका आहे याची खात्री मुलाने लिहायला सुरुवात करण्यापूर्वी पर्यवेक्षकांकडून करून घ्यावी.