दोघांना एकत्र बसवण्याचा प्रश्न : व्यक्तिकेंद्री समुपदेशनातील स्त्रीवादी मूल्यांची पार्श्वभूमी

व्यक्तिकेंद्री समुपदेशन १९४० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले. समुपदेशकाने सल्ला देऊ नये, ज्याचे आयुष्य त्यालाच ते अधिक कळते, हा त्यातला आग्रह १९७० नंतरच्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांना जवळचा वाटला आणि अपुराही वाटला. कारण बाईचे दुःख तिच्या मनाइतकेच घराच्या मालकीत, मजुरीत आणि सासरच्या धाकात असते.

आपल्याकडे या वादाला खरी धार आली ती कायद्यांमुळे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि समुपदेशन म्हणजे संसार सावरणे, ही समजूत पक्की झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला छेद दिला खरा, पण अर्धवट. कलम १४ नुसार दंडाधिकारी पती-पत्नी दोघांना स्वतंत्रपणे किंवा एकत्रितपणे समुपदेशनासाठी पाठवू शकतात. २००६ च्या नियमांनी मात्र त्यावर बंधने घातली : पुन्हा हिंसा न करण्याची हमी पतीने द्यावी, झाल्या प्रकाराचे समर्थन त्याला करू देऊ नये आणि तडजोडीचा प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच व्हावा.

तरीही ‘एकत्रितपणे’ची मुभा राहिलीच. या मुभेच्या बाजूने बोलणारे सांगतात की दुसरे छप्पर नसलेल्या बाईलाच अनेकदा परत नांदायचे असते आणि बोलावणे दोघांना असल्याशिवाय नवरा येत नाही. यात तथ्य आहे. पण रात्री ज्याच्या घरी परतायचे त्याच्यासमोर ती बेताचेच बोलणार, आणि तेवढ्याच बोलण्याला तिचे मत मानणे हे व्यक्तिकेंद्री पद्धतीच्याच विरोधात जाते. या पद्धतीतला बिनशर्त स्वीकार, म्हणजे समोरच्याला न जोखता मानणे, माणसाचा असतो, मारहाणीचा नव्हे. त्यामुळे आधी हमी, मग स्वतंत्र भेटी आणि एकत्र बैठक झालीच तर शेवटी, हा क्रम अधिक रास्त दिसतो.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी पदर आहेत. शहराच्या पूर्व भागातील कितीतरी तेलुगू भाषक बाया घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, हातात पान कापायची कात्री आणि त्याच खोलीत सासू. कारखान्यात विड्या जमा करून परतताना काढलेला अर्धा तासच काय तो त्यांचा स्वतःचा. भाषेसाठी शेजारीण सोबत आली की गोपनीयता तिथेच संपते. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले तर ‘तुम्हीच सांगा ताई’ हे उत्तर येते, आणि त्यावर समुपदेशक गप्प राहिली तर ती सासरच्यांच्या बाजूची वाटते. म्हणून राहत्या घरावरील हक्क आणि संरक्षण आदेश यांची माहिती स्पष्ट द्यावी, निर्णय मात्र तिच्यावर सोडावा, ही पद्धत इथे अधिक चालण्यासारखी आहे.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ ची (पती वा सासरच्यांकडून होणारा छळ) जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली, तरी तक्रार नोंदवण्याआधी दोघांना समोरासमोर बसवण्याची रीत सुटलेली नाही. २००६ चे नियम दंडाधिकाऱ्यांनी कलम १४ खाली पाठवलेल्या प्रकरणांसाठी आहेत. पोलीस ठाण्यातल्या अशा बैठकीत पतीकडून हमी घेण्याचे बंधन त्यांतून येत नाही.